नवऱ्यामागून पाच वर्षांनी : प्रस्तावना

१० फेब्रुवारी १८९५ रोजी कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधली पाच वर्षं हा या संग्रहाचा खरा विषय आहे.

त्या काळी नवऱ्याने जे केलं ते बायकोनेही केलं असंच जग धरून चालत असे. नवरा तीर्थाला निघाला की तिने पडशी भरायची, नवरा बैरागी झाला की कपाळ पुसल्यासारखं जगायचं, आणि नवरा बाटला तर एकतर त्याच्यामागे जायचं किंवा माहेरच्या ओसरीवर आयुष्य काढायचं. तिला स्वतःला काय पटलं आहे, हे कोणी विचारतच नसे. गंमत अशी की हा प्रश्न सोवळ्यातल्या नातेवाइकांनी विचारला नाही, तसा तो मिशनऱ्यांनीही फारसा विचारला नाही. ख्रिस्ती झालेल्या गृहस्थाची बायको आज ना उद्या येणारच, असा त्यांचाही हिशोब असे. त्या दोन्ही हिशोबांत न बसलेल्या बायकांनी जे लिहून ठेवलं, त्यातली काही पानं इथे एकत्र केली आहेत. सोबत दूरदेशीच्या तीन बाप्टिस्ट बायकांचं लेखनही घेतलं आहे. ते का, याचा खुलासा आधी करायला हवा, कारण नामपूर, जायखेडा, ताहाराबाद या आपल्या मोसम खोऱ्यातल्या वाचकाला ‘बाप्टिस्ट’ हा शब्द दुकानाच्या पाटीवरही दिसलेला नसण्याची शक्यता आहे.

बाप्टिस्ट हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा एक पंथ. त्यांचं वेगळेपण एका आग्रहात आहे : तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यायचा नाही. ज्याला स्वतःला कळतं, जो स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतो, त्यालाच पाण्यात उतरवायचं. आईबापांचा, नवऱ्याचा किंवा राजाचा विश्वास दुसऱ्या कोणाच्या खात्यावर जमा होत नाही. आता हा नियम बायकांना लावून पाहा. तो मनापासून पाळायचा तर बाईला स्वतःचं मन आहे, तिला शास्त्र कळू शकतं, आणि तिचा होकार नवऱ्याच्या होकारात आपोआप येत नाही, हे मान्य करावं लागतं. पंथाच्या पुरुषांना हे सगळं पचलं असं मुळीच नाही. पण दार त्यांनीच उघडं ठेवलं होतं, आणि त्यांच्यातल्या लिहित्या बायका त्याच दाराने आत शिरल्या.

मराठीचा या पंथाशी संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारा विल्यम कॅरी बाप्टिस्ट होता. बंगालातल्या श्रीरामपूरच्या त्याच्याच मिशनने १८११ मध्ये मराठी नवा करार छापला, तोही मोडी अक्षरांत. त्यासाठी कॅरीने वैजनाथ पंडितांची मदत घेतली होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८१२ मध्ये, अमेरिकेतून काही तरुण मिशनरी दोन जहाजांतून हिंदुस्थानाकडे निघाले. धाडणारी संस्था एकच. त्यातले ॲडोनिरम जडसन, त्यांची पत्नी ॲन आणि ल्यूथर राइस हे कलकत्त्याला पोचेपर्यंत किंवा पोचल्यावर बाप्टिस्ट मताचे झाले. जडसन पतिपत्नी पुढे ब्रह्मदेशात गेले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मूळ मतावर राहिले, १८१३ मध्ये मुंबईला उतरले, आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. नगरच्या शाळा, १८४२ साली निघालेलं ‘ज्ञानोदय’, टिळकांचं सगळं कार्य हे या दुसऱ्या फांदीचं. म्हणजे ॲन जडसन आणि लक्ष्मीबाई टिळक या एकाच प्रवासातून फुटलेल्या दोन वाटांवरच्या बायका आहेत. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा उत्तरेकडच्या बऱ्याच बाप्टिस्ट मंडळ्या, नाशिकचे अँग्लिकन आणि मराठी मिशनच्या मंडळ्या एकाच छपराखाली आल्या. हा इतिहास इतका पुरे.

लक्ष्मीबाईंकडे वळतो. त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, माहेर गोखल्यांचं, नाव मनकर्णिका. आपल्याकडे त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ शाळेच्या पुस्तकातल्या एखाद्या विनोदी उताऱ्यामुळे माहीत असतं. विसरभोळे, तापट, हातात पैसा न टिकणारे टिळक आणि त्यांच्यामागे संसाराचं ठिगळ जोडत धावणारी बायको, एवढंच चित्र बहुतेकांच्या डोक्यात उरतं. विनोद आहेच, आणि तो अस्सल आहे. पण हे पुस्तक मराठीत धर्माविषयी लिहिलेल्या सर्वांत गंभीर पुस्तकांपैकी एक आहे असं मला वाटतं, आणि ते तसं आहे याचं श्रेय त्या विनोदालाच जातं.

पुस्तक सुरू होतं ते वडिलांच्या सोवळ्याने. नानांचं सोवळं हे नुसतं कर्मठपण नव्हतं. सत्तावनच्या बंडाच्या धामधुमीत घराण्यावर आलेल्या एका भयंकर प्रसंगाने त्यांच्या मनावर घाव झाला आणि त्यातून ते वेड जडलं, असं लक्ष्मीबाई सांगतात. बाजारातून आलेली साखर-मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. लेक हे सगळं हसत सांगते, पण हसता हसता ती एक गोष्ट नोंदवते : धर्म ठरवत होते नाना, आणि तो निभावत होत्या घरातल्या बायका. पाणी त्यांनी भरायचं, धुणं-निवळणं त्यांनी करायचं, विटाळाचा धाक त्यांनीच सोसायचा. बाईचं धर्मातलं जुनं काम काय होतं याचं यापेक्षा स्वच्छ वर्णन मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. ना रडगाणं, ना तत्त्वज्ञान.

या घरातून आलेली बाई नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काय करते? आधी कोसळते. मग पंढरपुरात, नातलगांच्या आधाराने, मुलाला घेऊन राहते. नवऱ्याला पत्रं लिहिते, रागावते, त्याची वाट पाहते. अखेर ती नगरला येते, पण ख्रिस्ती व्हायला येत नाही. नवऱ्याजवळ यायचं म्हणून येते. वेगळी चूल मांडते, वेगळं पाणी ठेवते. टिळकांचं मोठेपण असं की एरवी घरातल्या फडताळावरूनही संतापणाऱ्या या माणसाने इथे मात्र तिच्या चुलीला हात लावला नाही. आणि मग एका टप्प्यावर लक्ष्मीबाई जातिभेद सोडून देतात. बाप्तिस्म्याच्या आधी. क्रम महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनी शिवाशिव सोडली असं घडलं नाही. माणसांनी घातलेले भेद देवाच्या माथी का मारायचे, असा विचार त्यांनी एकटीने केला, कोणाच्याही हातचं पाणी पिण्याचं ठरवलं, आणि पुढचं सगळं त्यानंतर आलं. कोणा मडमेच्या प्रवचनाला किंवा टिळकांच्या कवितेला त्यांनी हे श्रेय देऊन टाकलेलं नाही. प्रत्येक पायरीवर त्या थांबून पाहतात की आपल्याला हे खरंच पटलं का. बाप्टिस्ट धर्मशास्त्री ज्याबद्दल ग्रंथ लिहितात ते लक्ष्मीबाईंनी पाण्याच्या भांड्यावरून सांगितलं. त्या स्वतः बाप्टिस्ट नव्हत्या, हे पुन्हा एकदा स्पष्ट करतो.

या बाईला शाळा नव्हती. टिळकांनी शिकवण्याचे प्रयत्न केले, आणि बहुतेक प्रयत्न भांडणात संपले. तरी टिळकांनी अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये ते गेल्यावर पुढे नेलं ते तिने. टिळकांचे अध्याय अकरा, लक्ष्मीबाईंचे चौसष्ट. नवऱ्याचं अपुरं काम पूर्ण करणारी पतिव्रता असं म्हणून हे सहज कपाटात ठेवून देता येतं, आणि बरेच जण ठेवतात. पण आकडे पाहा. येशूचं चरित्र मराठी ओवीत सांगण्याचा अधिकार तिने कोणाकडून मागून घेतला नाही, कुठल्या मंडळीने तिला दीक्षाही दिली नाही. व्यासपीठावरून उपदेश करायला बाईला मनाई असेल. पोथी रचायला मनाई करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून निघू लागले, आणि १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

पंडिता रमाबाईंची गोष्ट उलट्या टोकाची. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख कष्टाने झाली, तर रमाबाईंना लहानपणीच भागवत तोंडपाठ. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईने लेकीला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. शास्त्र येणारी बाई अशी त्यांची ख्याती, आणि शास्त्रात बाईला जागा काय आहे हे त्यांना शास्त्र वाचूनच कळलं होतं. १८८२ साली ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिणाऱ्या रमाबाईंचा सूर अजून जुन्या चौकटीतला आहे. पाचच वर्षांनी, १८८७ मध्ये, फिलाडेल्फियात छापलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या जन्मापासून वैधव्यापर्यंतचा पंचनामा आहे. या दोन पुस्तकांमधल्या काळात नवऱ्याचा मृत्यू आहे, इंग्लंड आहे आणि २९ सप्टेंबर १८८३ चा वाँटेज इथला बाप्तिस्मा आहे. त्याच दिवशी त्यांच्या दोन वर्षांच्या मुलीला, मनोरमेलाही बाप्तिस्मा दिला गेला. एखाद्या कट्टर बाप्टिस्टाने इथे भुवया उंचावल्या असत्या : त्या पोरीला कोणी विचारलं?

या संग्रहात रमाबाईंच्या १८८३ नंतरच्या पत्रव्यवहाराचा आशय जास्त जागा घेऊन दिला आहे, कारण बाईची धर्मातली जागा बदलते म्हणजे नेमकं काय होतं हे त्यात दिसतं. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवावं असा विचार निघाला, तर लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात त्यांची पत जाईल, असं कारण. रमाबाई चकित झाल्या. त्या हिंदुस्थानात गावोगाव पुरुषांच्या सभांपुढे बोलून आल्या होत्या. जे सनातनी पंडितांनी चालवून घेतलं ते ख्रिस्ती धर्मगुरूंना चालेना! त्रैक्याच्या सिद्धांतावरूनही त्यांनी वाद घातले. अंड्याचं पुडिंग खाण्यास नकार दिला, तर वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जुन्या जातीचा अहंकार दिसला. बाप्तिस्मा घेतला म्हणजे स्वतःची अक्कल गहाण टाकली असं होत नाही, हे रमाबाई पुन्हा पुन्हा, नम्र भाषेत आणि जराही न वाकता लिहीत राहिल्या. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, मग पुणे, मग दुष्काळातल्या शेकडो मुलींसह केडगावचं मुक्ती मिशन हा भाग प्रसिद्ध आहे. कमी प्रसिद्ध भाग असा की आयुष्याच्या उत्तरार्धात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. छपाई केडगावच्याच छापखान्यात, मुलींच्या हातांनी.

हे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच १९२४ मध्ये अमेरिकेत एका बाईने ग्रीकमधून केलेलं नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर बाहेर आलं. ती हेलन बॅरेट माँटगोमरी, बाप्टिस्ट, आणि छापणारी संस्था बाप्टिस्टांची. १९१० साली तिने मिशनमधल्या स्त्रियांच्या पन्नास वर्षांच्या कामाचा इतिहास लिहिला होता. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या उत्तरी बाप्टिस्टांच्या परिषदेचं अध्यक्षपद तिला मिळालं. एवढ्या मोठ्या पंथसभेच्या प्रमुखपदी तिथे आधी बाई बसली नव्हती. केडगाव आणि अमेरिकेतलं रॉचेस्टर इथल्या दोन बायकांनी एकमेकींच्या कामापासून लांब राहून एकच गोष्ट केली : मूळ भाषेपर्यंत गेल्या. दुसऱ्याने लावलेल्या अर्थावर विसंबून बाईची जागा ठरत असेल, तर मूळ काय म्हणतं ते आपणच पाहू, ही त्यामागची वृत्ती दोघींच्या लेखनात उघड दिसते. योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये हे मला कळतं. तरी दोन्ही भाषांतरांचे नमुने मी मुद्दाम समोरासमोरच्या पानांवर घेतले आहेत.

दूरदेशीच्या उरलेल्या दोघींबद्दल थोडक्यात. ॲन जडसन यांनी ब्रह्मी भाषेत दानिएल आणि योना ही पुस्तकं उतरवली, सयामी भाषेत मत्तयाचं शुभवर्तमान केलं, आणि १८२३ मध्ये ब्रह्मदेशातल्या मिशनची हकिकत प्रसिद्ध केली. धाडस अफाट, पण पूर्वेकडच्या बायकांबद्दल त्या लिहितात तेव्हा त्या बायका केविलवाण्या, अंधारातल्या, कोणीतरी येऊन उचलून घ्यावं अशा दिसतात. त्यांतली एखादी स्वतः काही बोलत असेल, मिशनरीणबाईकडे पाहून मनात हसत असेल, असं ॲन यांना सुचत नाही. लॉटी मून ही चीनमध्ये गेलेली दक्षिणी बाप्टिस्ट. १८८३ मध्ये तिने मिशनमधल्या बायकांच्या प्रश्नावर धारदार लेख लिहिला, मिशनच्या बैठकांत बाईला समान मत हवं म्हणून भांडली. तिची पत्रं वाचताना रमाबाईंचा बिशपांशी चाललेला वाद डोळ्यांसमोर येतो; दोघींची वर्षंही जवळपास तीच. पण मूनच्याच दक्षिणी बाप्टिस्टांनी २००० साली पाळकाचं पद पुरुषांपुरतंच असल्याचं आपल्या मतपत्रात पक्कं केलं, तर इकडे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने बायकांना दीक्षेचा मार्ग मोकळा केला. पश्चिमेकडून पुढारलेपण येतं आणि आपण ते घेतो, अशी सरळ रेघ ज्यांना आवडते त्यांची इथे थोडी पंचाईत होईल.

रेघ वाकडी करणारी आणखी एक बाई : कृपाबाई सत्यनाथन. जन्म १८६२, अहमदनगर. आईवडील धर्मांतरित ब्राह्मण. त्यांची ‘सगुणा’ ही इंग्रजीत लिहिलेली आत्मचरित्रात्मक कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रासच्या एका मासिकात क्रमशः आली. तीत आईची, म्हणजे राधेची, गोष्ट आधी येते : नवरा ख्रिस्ती झालेला, आणि बायको मनाविरुद्ध त्याच्या घरी आलेली. लक्ष्मीबाईंच्या आधी एक पिढी तोच पेच. मग मुलगी सगुणा मोठी होते, पुस्तकांसाठी हपापते, गोऱ्या मिशनरी बायकांच्या वागण्यातला वरचढपणा टिपते आणि तो लिहून काढते. अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, १८९४ मध्ये, कृपाबाई गेल्या. जगत्या तर ॲन जडसनच्या पुस्तकाला त्यांनी सविस्तर उत्तर लिहिलं असतं, अशी माझी कल्पना. पुराव्याला ही कादंबरी आहे.

कोणी म्हणेल, यात नवं काय? आमच्या महदाइसेने तेराव्या शतकात चक्रधरस्वामींना प्रश्न विचारून भंडावलं होतं, बहिणाबाईंनी सतराव्या शतकात नवऱ्याच्या विरोधाला न जुमानता तुकोबांना गुरू मानलं. खरं आहे, आणि महानुभावांची वस्ती असलेल्या आपल्या भागाला ते सांगायलाही नको. लक्ष्मीबाई पंढरपुरात राहिल्या होत्या. त्यांच्या ओवीच्या मागे कोण उभं आहे ते कान असणाऱ्याला ऐकू येतं. मी इतकंच म्हणेन की महदाइसा किंवा बहिणाबाई यांनी देवाशी असलेलं आपलं नातं सांगितलं. एकोणिसाव्या शतकातल्या या बायकांनी त्या नात्याच्या बाजूचं सगळं घर सांगितलं. चूल, पगार, मिशनची घरं, शाळेची फी, नवऱ्याचा राग, मडमेचा चहा. धर्म बदलतो तेव्हा दिवस कसा बदलतो, याची नोंद आधी कोणी केलेली नव्हती.

संग्रहातला एक मोठा दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लक्ष्मीबाई, रमाबाई, कृपाबाईंचं घराणं, सगळं मुळात ब्राह्मण. मराठी मिशनच्या मंडळ्या मात्र नगर जिल्ह्यात भरल्या त्या मुख्यतः महार-मांग कुटुंबांनी. त्या घरांतल्या बायकांसाठी वेगळ्या पाण्याचा प्रश्न उलट्या बाजूने होता : पाणी त्यांना कोणी देत नव्हतं. लक्ष्मीबाईंनी जिच्या हातचं पाणी प्यायचं ठरवलं त्या बाईला तो दिवस कसा दिसला, हे आपल्याला ‘स्मृतिचित्रे’तून कळत नाही. गावोगाव पायी फिरून बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायबल-बाया पुष्कळ होत्या. धर्मातली बाईची भूमिका प्रत्यक्षात बदलली ती बरीचशी त्यांच्या पायांनी. त्यांच्याबद्दल आपल्याला कळतं ते मडमांनी धाडलेल्या अहवालांतून, आणि तिथे त्यांचं नाव असलंच तर नुसतं पहिलं. नाशिकच्या शरणपुरात १८५४ पासून मिशनची वसाहत होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकी मुलंमुली तिथे वाढली, त्यांतले काही पुढे लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतल्या सफरीपर्यंत गेले. पुरुषांची नावं इतिहासात आली. मुलींचं लिहिलेलं या संग्रहात घालायला माझ्या हाती एकही पान नाही. केडगावच्या छापखान्यात रमाबाईंच्या बायबलचे खिळे जुळवणाऱ्या मुलींचंही तसंच.

रचनेविषयी दोन शब्द. उतारे काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत. आधी लक्ष्मीबाई, कारण त्यांच्यापासून सुरुवात केली तर वाचणारी पुस्तक खाली ठेवत नाही, आणि त्या आपल्या जिल्ह्याच्या आहेत. मग कृपाबाई, मग रमाबाईंची पत्रं, मग जडसन आणि मून, आणि शेवटी भाषांतरांचे नमुने. इंग्रजी मजकुराचा मराठी आशय दिला आहे. ज्यांना येतं त्यांनी मूळ अवश्य पाहावं. वाचन मंडळात वाचताना ‘सगुणा’तला आईचा भाग आणि ‘स्मृतिचित्रे’तला नगरला येण्याचा भाग एकाच बैठकीत वाचावा अशी सूचना आहे, नवऱ्यांना बोलावून किंवा न बोलावता.

सटाणा, मालेगाव, नाशिक किंवा पलीकडे धुळ्याकडच्या कोणा ख्रिस्ती घरात आजीची भजनांची वही, महिला मंडळाचं जुनं इतिवृत्त, बायबल-बाईची डायरी, पत्रांचा गठ्ठा असं काही ट्रंकेत असेल, तर ते टाकून देण्याआधी आम्हाला कळवावं. अक्षर लागत नसलं तरी चालेल, मोडी वाचणारे आहेत. अहिराणीत असेल तर उत्तमच. दुसऱ्या आवृत्तीत पहिली जागा त्याची.

नामपूर, ता. बागलाण